वर्गणी, पिट आणि जाजम : मुंबईतील अल्पखर्ची संगीतश्रवणाचा इतिहास

१

गाण्याच्या कार्यक्रमासाठी मराठीत जे शब्द रूढ झाले, त्यांपैकी ‘जलसा’ आणि ‘बैठक’ हे दोन शब्द मूळ अर्थाने एकच होत. ‘जलसा’ हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी असलेल्या ज-ल-स या धातूचा अर्थ ‘बसणे’ असा आहे, आणि ‘मजलिस’ हा शब्दही त्याच धातूपासून सिद्ध झालेला आहे. ‘बैठक’ हा शब्द आपल्याकडील आर्यभाषांतला असून त्याची परंपरा संस्कृत ‘उपविष्ट’पर्यंत मागे नेता येते, त्याचाही अर्थ बसणे किंवा बसावयाची जागा हाच. असे असूनही मराठी भाषिकाने हे दोन शब्द सहसा एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. ‘बैठक’ म्हटली की दिवाणखाना, यजमान आणि निमंत्रण या गोष्टी ओघानेच येतात. ‘जलसा’ म्हटला की जाहिरात, तिकीट अथवा मोकळे मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. लावणीच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. बैठकीची लावणी वेगळी आणि फडाची लावणी वेगळी. गायनप्रकारांत थोडेफार अंतर आहे हे खरे; परंतु मुख्य भेद खर्च कोणी सोसला आणि बसावयास कोणाला मुभा होती, या दोन प्रश्नांशी निगडित आहे.

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे आहे, संगीतशास्त्राचे नव्हे. तथापि शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला कधीकधी समाजाच्या जमाखर्चाच्या वह्याही चाळाव्या लागतात. मुंबईसारख्या महानगरात, बेताची प्राप्ती असलेल्या माणसाने गेल्या दीडशे वर्षांत चांगले गाणे कसे ऐकले, त्यासाठी काय मोजले आणि मोजल्याबद्दल त्याला काय मिळाले, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. संगीताचा इतिहास आपण सामान्यतः घराण्यांचा, गायकांचा आणि आश्रयदात्यांचा म्हणून लिहितो. श्रोत्याला त्यात क्वचितच स्थान मिळते, आणि गरीब श्रोत्याला तर मुळीच नाही. परंतु राजाश्रय आटल्यानंतर रागसंगीत ज्या बळावर तगले, त्या बळात या श्रोत्याचा वाटा किती होता हे पाहिल्यावाचून तो इतिहास पुरा होणार नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. गाणे ऐकण्याची किंमत केवळ पैशाची नसते. पैसा, वेळ, परवानगी आणि परिचय अशा चार किमती श्रोत्याला मोजाव्या लागतात. रात्र जागवून सकाळी कामावर जाणे ही वेळाची किंमत. दारातून आत येऊ दिले जाणे ही परवानगी. आणि जे चालले आहे ते ओळखता येणे हा परिचय. जे ‘स्वस्त’ आहे ते ‘खुले’ असतेच असे नाही, आणि जे खुले आहे ते ‘आपले’ असतेच असेही नाही. हा भेद लक्षात ठेवून पुढील वृत्तान्त पाहावा अशी विनंती आहे.

२

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि त्याच दशकात मुंबईत कापसाच्या गिरण्यांचा पाया घातला गेला. पैसा शहरात आला तसे गाणेही आले. मुरादाबादकडील छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्या वस्तीच्या नावावरून भेंडीबाजार हे घराण्याचे नाव पडले. गोमंतकातील कलावंत कुटुंबांनी गिरगाव व आसपासचा भाग जवळ केला. नझीर खाँ यांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या गायिका याच दोन प्रवाहांच्या संगमातून निपजल्या. परंतु हे गाणे व्हावयाचे ते शेटसावकारांच्या दिवाणखान्यात. तेथे पैसा पडत नसे, पण निमंत्रण लागे. म्हणजे चार किमतींपैकी पहिली शून्य आणि तिसरी अतोनात, असा हा व्यवहार होता. ज्याला निमंत्रण नाही त्याने खिडकीखाली उभे राहावे.

याला एक जुना अपवाद होता, तो देवळांचा. कीर्तनाला निमंत्रण लागत नाही. कीर्तनकार रागदारीचा जाणता असला म्हणजे पूर्वरंगापासून उत्तररंगापर्यंत श्रोत्याच्या कानांवर पुष्कळ काही पडून जाई, आणि शेवटी आरतीचे तबक फिरे त्यात ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टाकावे असा रिवाज होता. भुलेश्वराच्या मोठ्या मंदिरातील हवेली संगीत, माहीमच्या उरुसातील कव्वाली, गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी राखलेले चर्चमधील संगीत, हे त्याच जातीचे व्यवहार होत. सरकारनेही आपल्या परीने एक सोय केली होती. कुपरेजच्या बागेतील बँडस्टँड ही एकोणिसाव्या शतकातील वास्तू विनामूल्य वाद्यवादनासाठीच उभारलेली आहे. मात्र तेथील संगीत आणि ऐकणारे दोन्ही मुख्यतः त्या वेळच्या राज्यकर्त्या वर्गाचे होते. परवानगी होती, परिचय नव्हता.

३

निमंत्रणाची भिंत प्रथम फोडली ती मंडळींनी. येथे ‘मंडळी’ हा शब्द संस्था या अर्थाने घ्यावयाचा. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. पुण्याचा गायन समाज त्यानंतर १८७४ मध्ये निघाला. या संस्थांचे तत्त्व साधे होते : एका श्रीमंताने एका गवयाला पोसावे त्याऐवजी अनेक मध्यमवर्गीयांनी मिळून चार उस्तादांना नेमावे. वार्षिक वर्गणी भरणारा सभासद कोणाचा पाहुणा नव्हता, तसाच तो निव्वळ ग्राहकही नव्हता. काय गायिले जावे, कोणी शिकवावे, केव्हा जमावे यांविषयी बोलण्याचा त्याला अधिकार होता.

या व्यवस्थेचे फळ किती मोठे आले याला एकच उदाहरण पुरेसे आहे. १८८४ मध्ये वाळकेश्वरचा एक महाविद्यालयीन तरुण या मंडळीचा सभासद झाला. बी. ए. ची परीक्षा अद्याप व्हावयाची होती, वकिली तर पुढेच होती. मंडळीत येणाऱ्या उस्तादांकडून त्याने ध्रुपदे आणि ख्याल ऐकले, शिकले, टिपून घेतले. हा तरुण म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. पुढे त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे ग्रंथ व ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध केले, आणि दिवाणखान्यात कोंडलेली विद्या छापील पानावर आली. दिवाणखान्याचे निमंत्रण मिळेपर्यंत थांबावे लागले असते, तर या विद्यार्थ्याला इतक्या विविध चिजा इतक्या लवकर कानी पडल्या असत्या काय, याची शंकाच वाटते.

भातखंड्यांचे समकालीन विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा आणली. त्यांच्या विद्यालयाने तिकीट लावून होणाऱ्या जलशाला प्रतिष्ठा दिली. तानसेन नाही तरी कानसेन निर्माण करावेत, हा विचार त्यांच्याच नावे सांगितला जातो. ‘कानसेन’ हा शब्द श्लेषाने बनलेला असला तरी त्यातील सामाजिक आशय गंभीर आहे. श्रोता होणे हीदेखील एक विद्या आहे आणि ती शिकविता येते, ही कल्पना या शब्दाने मराठीत रुजविली.

४

तथापि संख्येच्या दृष्टीने पाहिले तर मंडळ्या आणि विद्यालये यांचा परीघ लहानच होता. मुंबईच्या सामान्य माणसाचे खरे संगीतविद्यालय म्हणजे नाटकाचे पिट. ‘पिट’ हा शब्द आपण इंग्रजी रंगभूमीवरून घेतला. तिकडे तो नाट्यगृहातील एका विशिष्ट भागाचे, रंगमंचासमोरील तळाच्या जागेचे, नाव होता. मराठीत आल्यावर तो जागेपेक्षा दर्जाचा वाचक झाला. ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणजे सर्वांत कमी दराचे तिकीट काढून आलेला. आणि ‘पिटासाठी लिहिणे’ म्हणजे त्याची मर्जी राखून लिहिणे. या शब्दप्रयोगात तुच्छता आहे हे उघडच आहे. पण तीत एक कबुलीही दडलेली आहे : पिटाला मर्जी होती आणि ती राखावी लागे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले, आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. किर्लोस्कर मंडळींचे मुंबईतील मुक्काम सुरू झाले तसा गिरगावचा कारकून रात्रभर पदे ऐकू लागला. प्रारंभीच्या नाटकांतील चाली साकी, दिंडी अशा परिचित वळणांच्या होत्या. पुढे १९११ मध्ये ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी जे केले, त्याने चित्र पालटले. बैठकीतील रागदारी चिजांच्या चाली नाटकाच्या पदांना आल्या. ‘स्वयंवरा’च्या श्रोत्याला यमन, भीमपलास आणि भूप ही नावे ठाऊक नसली तरी त्यांची चाल ओळखीची झाली. ज्याने जन्मात दिवाणखान्याचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्याच्या ओठांवर दिवाणखान्याचा राग आला. चौथी किंमत, म्हणजे परिचयाची, ती येथे पिटाने स्वस्त केली.

‘वन्समोअर’ या शब्दाचाही येथे विचार करणे योग्य होईल. इंग्रजीतील ही दोन पदे मराठीत येऊन एक नाम झाली. वन्समोअर मिळतो, दिला जातो, घेतला जातो. परभाषेतील शब्दाला मराठीने लिंग आणि क्रियापदे देऊन घरातले करून घेतले, याचा अर्थ तो व्यवहार नित्याचा होता. बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअरवर वन्समोअर पडत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. हा अधिकार महागड्या खुर्चीला जेवढा होता तेवढाच पिटालाही होता. नव्हे, आवाज पिटाचाच मोठा असे. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा तिकिटांचे दर नेहमीपेक्षा फारच चढे होते. त्या प्रयोगाची कीर्ती आजतागायत टिकून आहे. परंतु त्या रात्री जी पदे ऐकण्यासाठी धनिकांनी थैल्या सोडल्या, ती पदे गेली दहा वर्षे पिटाने उचलून धरलेली होती, ही गोष्ट सांगावयाची राहून जाते.

५

१८९३ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीचा उत्सव त्याच वर्षापासूनचा. आपल्या विषयाच्या दृष्टीने चाळीची बांधणी मोठी महत्त्वाची आहे. मध्ये चौक, सभोवार तीन-चार मजल्यांच्या गॅलऱ्या, ही रचना कोणा स्थापत्यज्ञाने नाट्यगृह म्हणून केलेली नव्हती. पण चौकात जाजम पसरून गवई बसला की ती उत्तम नाट्यगृह होई. वर्गणी बिऱ्हाडागणिक ठरलेली असे आणि तीतून गवयाची बिदागी, जाजमाचे व दिव्यांचे भाडे भागे. ‘बिदागी’ या शब्दाचा मूळ अर्थ निरोपाच्या वेळी द्यावयाची भेट असा आहे. दरबारचा हा शब्द चाळीच्या चिटणिसाने आपल्या जमाखर्चात लिहिला, आणि राजाचे कर्तव्य शंभर बिऱ्हाडांत वाटून घेतले गेले.

पुढील पाच-सहा दशकांत गिरगावची ब्राह्मण सभा, लक्ष्मीबाग, ट्रिनिटी क्लब, प्रा. बा. र. देवधरांनी १९२५ मध्ये काढलेले स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक अशी गाण्याची ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी राहिली. गणपतीच्या दिवसांत तर श्रोता एका वाडीतील पहिला ख्याल ऐकून दुसऱ्या वाडीतील दुसऱ्याला जात असे. शेवटची लोकल चुकली तर पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत बसून राहण्यावाचून गत्यंतर नसे; त्यामुळे उत्तररात्रीचे रागही पदरात पडत. प्रस्तुत लेखकाचे आजोबा एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या कागदपत्रांत चाळीच्या उत्सवाच्या दोन रुपयांच्या वर्गणीच्या काही पावत्या सापडल्या. प्रत्येक पावतीच्या मागे त्यांनी पेन्सिलीने त्या रात्री ऐकलेल्या रागांची नावे लिहून ठेवली होती. दोन ठिकाणी नाव लिहून खोडले होते आणि दुसरे लिहिले होते. कोणा शेजाऱ्याला विचारून चूक सुधारली असावी. कानसेन कसा घडतो याचा यापेक्षा बोलका पुरावा अन्यत्र मिळणे कठीण आहे.

चाळीच्या गॅलरीने आणखी एक काम केले. दिवाणखान्याच्या बैठकीत घरंदाज स्त्रीला श्रोता म्हणून स्थान नव्हते. फार तर पडद्याआड. गॅलरी ही मात्र तिच्या घराचाच भाग होती. कठड्याशी उभी राहून, मांडीवर मूल घेऊन, निवडण्याचे ताट पुढे ठेवून तिने गाणे ऐकले. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका जाहीर मैफलीत प्रतिष्ठेने गाऊ लागल्या, तेव्हा त्यांना ऐकावयास येणाऱ्या स्त्रियांचा वर्ग तयार होण्यास या गॅलऱ्या काही अंशी कारण झाल्या असाव्यात असे मला वाटते.

परंतु येथे एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. ‘सार्वजनिक’ या विशेषणातील ‘सर्व जन’ कोण? १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांनाही गणपतीच्या पूजेचा अधिकार असावा अशी मागणी केली. तिच्यामागील तर्क आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडणारा आहे : वर्गणी सर्वांची, तर हक्कही सर्वांचा. या वादातून दादरला प्रबोधनकारांच्या पुढाकाराने सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. हा झगडा गाण्यासाठी नव्हता, पूजेसाठी होता, हे मान्य. परंतु ज्या जाजमावर बसून गाणे ऐकावयाचे तेही त्याच मंडपात पसरलेले होते. वर्गणीने पैशाची किंमत उतरली, परवानगीची आपोआप उतरली नाही. ती भांडून उतरवावी लागली. आणि भांडण्याला आधार मिळाला तो पुन्हा वर्गणीचाच. फुकट मिळालेल्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही. वाटा उचललेल्या गोष्टीवर येतो.

६

गिरगावचा हा इतिहास पुष्कळदा सांगितला जातो. त्याच्या उत्तरेस, लालबाग-परळच्या गिरणगावात, याच काळात दुसरा एक इतिहास घडत होता; त्याची नोंद कमी झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहत. गाण्याला त्यांच्यापाशी दिवाणखाना तर नव्हताच, पण कित्येकदा गॅलरीही नव्हती. त्यांनी भजनी मंडळे काढली. पेटी, मृदंग आणि टाळ ही मंडळाची सामाईक मालमत्ता असे. दोन बुवांमधील डबलबारी, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब, कोकणचा बाल्या नाच यांत ऐकणारा आणि गाणारा अशी फारकत नव्हती. घाटावरच्या कामगारांसाठी तमाशाची थिएटरे होती.

‘जलसा’ या शब्दाला नवा अर्थ मिळाला तो याच परिसरात. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा साचा घेऊन विचारप्रसारासाठी जलसे केले, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसा उभा केला. ज्यांना मंडपात मागे बसविले जाई, त्यांनी स्वतःचा मंडप घातला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचे पोवाडे आणि लोकनाट्ये मैदाना-मैदानांतून हजारोंनी ऐकली. रागसंगीताचे अभिमानी या गाण्याची गणना संगीतात करावयास कचरतात. परंतु प्रश्न श्रवणाच्या अधिकाराचा असेल, तर हे गाणे मुंबईतील सर्वांत खुले गाणे होते, कारण त्याच्या चारही किमती श्रोत्याच्या आवाक्यात होत्या.

७

यंत्रांनी या व्यवहारात काय बदल केला तेही थोडक्यात पाहू. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गोहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे गाणे मावे. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत आला, याबद्दल पुष्कळांनी खेद केला आहे. पण तबकडी दुकानाच्या दाराशी वाजू लागली की रस्त्यावरून जाणारा पोरही थांबून ऐके, हा तिचा गुण विसरता कामा नये. गदगला एका दुकानात अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून लहानगा भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मुंबईत हे काम इराण्यांच्या हॉटेलांनी केले. एक कप चहा घ्यावा आणि रेडिओ ऐकत बसावे. पुढे नाणे टाकून गाणे निवडावयाचा ज्यूकबॉक्सही आला.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. यंत्र महाग, आणि शिवाय वर्षाला दहा रुपये परवान्याचे. त्यामुळे एका बिऱ्हाडाचा रेडिओ मजल्याचा रेडिओ झाला. १९५२ मध्ये आकाशवाणीने शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू केला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. येथे पैसा आणि परवानगी या दोन्ही किमती जवळजवळ नाहीशा झाल्या. गेले ते एवढेच, की वन्समोअर मागण्याची सोय उरली नाही. श्रोत्याचा कान वाढला आणि आवाज गेला.

ही उणीव सर्कलांनी काही अंशी भरून काढली. ‘म्यूझिक सर्कल’ हा शब्द मराठीने भाषांतर न करता तसाच ठेवला. १९५३ मध्ये स्थापन झालेले दादर-माटुंगा कल्चरल सेंटर हे या परंपरेतील एक नामांकित उदाहरण. वार्षिक वर्गणी, ठराविक मैफली, सभासदांची समिती हे सारे १८७० च्या मंडळीचेच तत्त्व होते. मात्र आता ते उपनगरी गाडीच्या मार्गाने उत्तरेकडे सरकले होते.

८

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही घडी विसकटली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातील मंडळांचा आधार तुटला. गिरगावची बिऱ्हाडे बोरिवली-डोंबिवलीकडे गेली. चौक असलेल्या चाळींच्या जागी मनोरे उठू लागले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. हे नियम आजारी व वृद्ध माणसांच्या हिताचे आहेत, त्यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यांचा परिणाम नोंदविलाच पाहिजे. १९७८ मध्ये ज्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली, ते खुले नाट्यगृह शांतता क्षेत्रात येत असल्याने संगीताला बंद झाले. आणि उत्तररात्रीचे राग ऐकण्याचा स्वस्त मार्ग जवळपास संपला.

दुसऱ्या बाजूस, विनामूल्य कार्यक्रम कमी झाले असे मुळीच म्हणता येत नाही. १९९९ पासूनचा काळा घोडा महोत्सव प्रवेशमूल्य घेत नाही. प्रायोजकांच्या खर्चाने सभागृहांत विनाशुल्क मैफली होतात. भ्रमणध्वनीवर तर जुन्या उस्तादांचे दुर्मीळ ध्वनिमुद्रणही क्षणात मिळते. केवळ पैशाच्या हिशेबाने पाहिले तर मुंबईतील संगीतप्रेमी इतका सुखी कधीच नव्हता. मग उणे काय आहे? उणे आहे ते वर्गणीदाराचे नाते. प्रायोजकाचा फलक लागलेल्या सभागृहात श्रोता पुन्हा पाहुणा झाला आहे. दिवाणखाना मोठा झाला आणि निमंत्रण सर्वांना गेले, एवढाच फरक. यजमानाने उद्या दार लावून घेतले तर वन्समोअर मागावयाचा कोणापाशी?

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. मुंबईत सामान्य माणसाने स्वस्तात गाणे ऐकले, ते बहुतांशी कोणाच्या औदार्याने नव्हे, तर खर्च वाटून घेण्याच्या युक्तीने. ती युक्ती जेथे होती तेथे श्रोत्याला हक्क मिळाला. हक्कामुळे रुची घडली. आणि त्या रुचीने संगीताला वळण दिले. जेथे वाटणी अपुरी होती, तेथे ती पुरी करून घेण्याची भाषाही वर्गणीनेच पुरविली. जे मंडळ आज अल्पखर्ची मैफली योजू इच्छिते, त्याने प्रवेश फुकट ठेवावा की नाही यापेक्षा, श्रोत्याला वाटा कसा उचलता येईल याचा विचार अधिक करावा असे सुचवावेसे वाटते. मग तो वाटा दहा रुपयांचा असो, की जाजम अंथरण्याच्या श्रमाचा.

शेवटी आपल्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. या इतिहासाची साधने ग्रंथालयांत फारशी नाहीत. उत्सव मंडळांची पावतीपुस्तके, जमाखर्चाच्या वह्या, सर्कलांची इतिवृत्ते, भजनी मंडळांच्या हस्तलिखित चोपड्या हीच ती साधने होत, आणि ती माळ्यांवर, ट्रंकांत व चिटणिसांच्या कपाटांत पडलेली आहेत. एकेक चाळ पाडली जाते तेव्हा ती बहुधा रद्दीत जातात. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका तरी मंडळाची अशी वही मिळवून तिची नक्कल विभागात आणून ठेवावी. पावतीच्या पुढच्या बाजूस किती रुपये लिहिले आहेत ते पाहावेच. पण मागची बाजू कोरी आहे असे समजून पान उलटावयास मात्र विसरू नये.